परत फिरायचं कोणी सांगायचं?

सातारा-सांगलीकडे सांबर, गवा बघायला निघालेल्या कुटुंबात पहिला वाद ठरलेला असतो: गाईड घ्यायचा की आपले आपण जायचं? तरुण मंडळी असतील तर हा वाद पैशांचा आणि हौसेचा असतो आणि तो कसाही सुटला तरी फारसं बिघडत नाही. पण बरोबर आई-वडील, काका-काकू, आत्या, मावशी अशी पासष्टी-सत्तरी ओलांडलेली माणसं असली की तोच वाद वेगळा होतो. बोलणं मात्र पुन्हा त्याच दोन मुद्द्यांवर येतं: गाईड जनावर नक्की दाखवेल का, आणि दिलेले पैसे वसूल होतील का. माझ्या मते थोरांबरोबर जाताना हे दोन्ही मुद्दे दुय्यम आहेत. मुख्य मुद्दा परत फिरण्याचा आहे. कुठे थांबायचं, कुठून मागे वळायचं, हे घरातल्या घरात कोणालाच तोंडाने म्हणवत नाही. म्हणून ते म्हणणारा एक बाहेरचा माणूस बरोबर लागतो. जिथून केव्हाही सहज परत फिरता येतं तिथे गाईडवाचून काही अडत नाही. जिथून तसं फिरता येत नाही तिथे त्याच्याशिवाय जाऊ नये. सातारा-सांगलीची रानं या एका कसोटीला लावून पाहिली की कुठे कसं जावं हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

शिकारीच्या काळात हा प्रश्न कोणाला पडलाच नसता. संस्थानी शिकारीत वाटाड्ये, हाकारे, मचाण बांधणारे असा मोठा फौजफाटा असे आणि पाहुण्याचं काम मचाणावर बसून नेम धरण्यापुरतं उरे. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात काळविटांवर पाळीव चित्ते सोडत आणि ते सांभाळायला चित्तेवान ठेवलेले असत. अशा शिकारीत वयाची अडचण कमी, कारण चालण्याचा, माग काढण्याचा आणि जोखमीचा भाग दुसऱ्यांनी उचललेला असे. पुढे १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने शिकारीला परवान्याची चौकट आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती फार आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. बंदूक गेली ते उत्तमच झालं. मात्र तिच्याबरोबर तो फौजफाटाही गेला, आणि आता दुर्बीण गळ्यात अडकवून निघालेल्या कुटुंबाला वाट, वेळ आणि जोखीम यांचा हिशेब स्वतःच करावा लागतो. हा हिशेब करण्याची सवय आपल्याला नाही. सहलीची आखणी म्हणजे गाडी, डबा आणि मुक्काम एवढंच आपण धरतो.

जिथे शिकार अजून चालते तिथे याच प्रश्नाचा फार बारकाईने विचार झालेला दिसतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत एल्क नावाचं हरीण आहे, आपल्या सांबराच्याच कुळातलं पण अंगाने आणखी थोराड. त्याच्या शिकारीला भावंडं, वडील, काका असे मिळून जातात, आणि पैसे मोजून गाईड घ्यायचा की स्वतःच्या हिमतीवर जायचं, हा तिथल्या घराघरांतला वाद आहे. गाईडसह गेलं तर खर्च हजारो डॉलरांत जातो, त्यामुळे वादाला धारही असते. वायोमिंग राज्याने या वादाचा एक भाग कायद्यानेच मिटवला आहे. केंद्र सरकारने निर्मनुष्य म्हणून राखलेल्या रानात परराज्यातल्या शिकाऱ्याला एकट्याने मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. बरोबर परवानाधारक गाईड हवा, नाहीतर तसा परवाना काढलेला राज्यातला रहिवासी तरी हवा. या नियमावर गाईडांचा धंदा जपल्याचा आरोप तिथे होतो आणि तो अगदीच पोकळ नसावा. तरी त्यातली दुसरी सोय मला महत्त्वाची वाटते. रहिवाशाने मोबदला न घेता सोबत केली तरी चालते. म्हणजे पैसे कोणाला मिळतात यापेक्षा त्या रानाचा माहीतगार बरोबर आहे की नाही, याला तिथे वजन आहे. आपल्याकडेही गाईडचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

आता आपली रानं. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातून वर उठलेल्या डोंगरावर सागरेश्वर आहे: अवघं १०.८७ चौरस किलोमीटरचं, कुंपण घातलेलं अभयारण्य. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे त्याच्या पायथ्याशी आहे आणि अभयारण्याला नावही त्यांचंच आहे. मूळचं हे घनदाट रान नव्हे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून, हरणं आणून सोडून वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून ते उभं राहिलं आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सांबर, चितळ, काळवीट, भेकर तिथे आहेत. याच्या अगदी उलट टोकाला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. साताऱ्याच्या बाजूने कोयना अभयारण्य आणि सांगलीकडून शिराळ्यावरून वारणावतीला गेलं की चांदोली राष्ट्रीय उद्यान, असे दोन मोठे तुकडे मिळून २०१० मध्ये हा प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं त्याचं क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या वर भरतं. एका बाजूला शिवसागर आणि वसंतसागर ही धरणांची पाणी, दुसऱ्या बाजूला कोकणात कोसळणारे कडे, मध्ये दाट सदाहरित पट्टे आणि जांभ्याचे सपाट सडे. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री इथली. सागरेश्वर, कोयना आणि चांदोली या तिन्हींनाही नकाशावर एकच हिरवा रंग असतो आणि घरात बेत ठरताना तिन्हींची गणती ‘जंगल’ म्हणूनच होते. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सांबर बघायचं तर त्याच्या वेळा पाळाव्या लागतात, आणि त्या वेळा म्हाताऱ्या शरीराच्या सोयीच्या नसतात. सांबर दिवसा दाट झाडोऱ्यात बसून राहतं. बाहेर पडतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणजे सफारीला जायचं तर भल्या पहाटे उठायचं, थंड वाऱ्यात उघड्या जिप्सीत बसायचं, किंवा उन्हं उतरल्यावर आत शिरून अंधुक उजेडात परतायचं. मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना हाच अंधुक उजेड सगळ्यांत वाईट. दोनशे किलोच्या वरचा सांबराचा नर तीस-चाळीस पावलांवर उभा असला तरी त्याचा मातकट रंग सावलीत असा मिसळतो की, ‘तो बघा, तो बघा’ म्हणून सगळे बोट दाखवतात आणि काका नुसतीच मान डोलावतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या सकाळी घेतल्या की तासा-दोन तासांत लघवीला जावं लागतं, आणि गाभा क्षेत्रात गाडीतून खाली उतरायची मनाई असते. ही अडचण घरातल्या बाईमाणसांना तर कोणाजवळ बोलताही येत नाही. मग त्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात आणि उन्हात चक्कर येते. जिप्सीची मागची पायरी गुडघ्याच्या वर असते. चढताना वर ओढायला कोणीतरी असतं, उतरताना मात्र ज्याचं त्याला उतरावं लागतं. डोंगरउतारावरही हेच होतं: चढ दमवतो, पण गुडघा जातो तो उतारावर, मुरुमावरून घसरत्या पावलांनी. तेव्हा अर्ध्या वाटेवर ‘आतापर्यंत तर छान झालं’ हा अंदाज हमखास फसवा असतो.

या अडचणी काही गुपित नाहीत; घरात सगळ्यांना त्या ठाऊक असतात. तरीही माणसं झेपणार नाही इतकी पुढे जातात, आणि त्याचं कारण आपल्या घरातल्या रीतीत आहे. दमलेला थोरला माणूस दमलो असं म्हणत नाही. आपल्यामुळे पोराबाळांचा खोळंबा नको, एवढे पैसे भरून आणलंय तर त्यांचा विरस नको, असं त्याला वाटतं. विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘छे, छे, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून.’ धाकट्यांचीही तीच पंचाईत. ‘बाबा, आता बस, परत फिरू’ म्हणणं म्हणजे वडिलांना म्हातारं ठरवणं, आणि तेही सुनेसमोर, नातवंडांसमोर. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांच्या मनाचा विचार करत गप्प राहतात आणि सगळा गोतावळा कोणाचीच इच्छा नसताना पुढे चालत राहतो. यात कोणाचा हट्ट नसतो, निष्काळजीपणाही नसतो. मायेपोटीच हे होतं. म्हणून ‘आम्ही काळजी घेऊ’ या शब्दाने ते टळत नाही, कारण अति काळजीतूनच ते जन्मतं. इथे गाईडचा उपयोग होतो. ‘या वळणापुढे आज जायचं नाही, साहेब’ असं त्याने म्हटलं की कोणाचाही मान न जाता विषय संपतो. त्याचा नात्यागोत्याशी संबंध नाही, म्हणून त्याचं म्हणणं सगळ्यांना चालतं.

यावर पहिला आक्षेप वारीचा येतो, आणि तो आलाच पाहिजे. आषाढीला सत्तरीची माणसं आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा सातारा जिल्ह्यातला टप्पा पावसापाण्यात आणि उन्हातान्हात पार करतात. मग आठ-दहा किलोमीटरच्या रानवाटेचं एवढं काय कौतुक? माझ्या मते वारीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. आजच्या रूपातला माउलींचा पालखी सोहळा घडवणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे, शिंद्यांच्या दरबारात सरदारकी केलेले. त्यांनी घालून दिलेली शिस्त नीट पाहिली तर वारीत म्हातारी माणसं का टिकतात ते कळतं. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढे कोण आणि रथामागे कोण हे ठरलेलं आहे, विसावा कुठे आणि मुक्काम कुठे हेही ठरलेलं आहे, चोपदाराच्या इशाऱ्यापुढे कोणाचं चालत नाही, आणि दिंडीचं सामान वाहणारा ट्रक पुढे जाऊन थांबलेला असतो. चालणाऱ्याला ‘थांबू या का?’ असं विचारावंच लागत नाही, कारण थांबण्याचा निर्णय त्याच्याकडे नाही आणि त्याच्या मुलाकडेही नाही. आपल्या समाजाने थोरांना लांब चालवण्याची जी सगळ्यांत यशस्वी रीत शोधली, तिच्यात निर्णय कुटुंबाच्या हातातून काढून घेतलेला आहे. रानात चार जणांच्या घरच्या टोळीला दिंडी नसते, चोपदार नसतो. गाईड घेणं म्हणजे ती उणीव भरून काढणं.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. थोरांची गती वेगळी असते. त्यांना झाडाखाली बसायचं असतं, डबा सोडायचा असतो, चार गोष्टी काढायच्या असतात, आणि परका माणूस समोर असला की हे मोकळेपण जातं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच सागरेश्वरला गाईड शोधत बसू नये असं मी म्हणतो. तिथे परत फिरणं अगदी सोपं आहे. क्षेत्र लहान, भोवती कुंपण, पायथ्याशी गाव आणि देवळं, ताकारी जवळच, आणि कराडही फार लांब नाही. माथ्याकडे जायला रस्ता आहे आणि वर गेलं की कृष्णाकाठचं हिरवं खोरं, उसाचे फड, साखर कारखान्यांची धुराडी एका नजरेत येतात. ज्यांच्याने डोंगर चढवत नाही त्यांनी महादेवाचं दर्शन घेऊन देवळाच्या आवारात बसावं. बाकीच्यांनी वर जाऊन यावं. सांबर दिसलं तर उत्तम, नाही दिसलं तरी दिवस फुकट जात नाही, कारण तो दिवस देवराष्ट्र्याच्या देवळांचा आणि शेताबांधाचाही असतो. शिवाय इथे थोरांना जे माहीत असतं ते बहुधा कोणत्याही गाईडला नसतं. हा डोंगर उघडा होता तेव्हाचा त्यांनी पाहिलेला असतो, हरणं कुंपणातून निसटून पिकांत शिरतात म्हणून गावकऱ्यांनी केलेल्या तक्रारी त्यांनी ऐकलेल्या असतात. अशा ठिकाणी वाटाड्या घरातलाच असतो आणि त्याने आपल्या गतीने चालावं हेच योग्य.

कोणी म्हणेल, बिबट्या तर आता उसाच्या फडातही असतो. मग सागरेश्वर सुरक्षित आणि चांदोली धोक्याची, हा भेद कशाच्या जोरावर? कराड, शिराळा, वाळवा या भागांत उसात बिबट्याची पिल्लं सापडण्याच्या बातम्या नव्या नाहीत, हे खरं. पण मी भेद जनावरावरून करतच नाही. गवा किंवा अस्वल माणसावर येण्याचे प्रसंग कमी. थोरांच्या बाबतीत खरी संकटं घरगुतीच असतात: साखर उतरणं, पाय मुरगळणं, छातीत कळ येणं, उन्हाने भोवळ येणं. फरक पडतो तो अशा वेळी मदत किती वेळात पोहोचते यावर. देवराष्ट्र्याच्या पायथ्यापासून दवाखान्यापर्यंत गाडी लगेच जाते. चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्यावर किंवा कोयनेच्या आतल्या खोऱ्यात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, वाट कच्ची असते आणि नाक्यापर्यंतच्या अंतराचा अंदाज नवख्याला येत नाही. तिथे माहीतगाराचं मोल दुप्पट होतं: तो वेळेवर मागे वळवतो, आणि वेळ चुकलीच तर जवळची चौकी कुठे, कोणत्या वाटेने गाडी येऊ शकते, हेही त्यालाच माहीत असतं.

चांदोलीत आणि कोयनेत वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जाताच येत नाही, पावसाळ्यात सफारी बंद असते आणि स्वतःची गाडी मनाला येईल तिकडे हाकता येत नाही. त्यामुळे गाभा क्षेत्रापुरता निर्णय नियमानेच झालेला असतो. पण नियमाने आलेला गाईड आणि आपण विचार करून सोबतीला घेतलेला गाईड यांत फरक आहे. पहिला आपल्याला जनावर दाखवायला आलाय असं आपण धरतो आणि त्याच्यावर तसाच दबाव टाकतो. वाघ इथे मोजके आहेत. वाघिणी आणून सोडण्याचे आणि भक्ष्य वाढवण्याचे प्रयत्न आता कुठे मूळ धरत आहेत. सागरेश्वरातली चितळं याच कामासाठी व्याघ्र प्रकल्पात हलवली गेली. अशा रानात ताडोबासारखा वाघ मागणाऱ्या पाहुण्यापुढे गाईड बिचारा गाडी पळवत राहतो, आणि खड्ड्यांतून पळणाऱ्या जिप्सीत मागच्या बाकावर बसलेल्या मावशीच्या मणक्याचं काय होतं ते मावशीलाच माहीत. म्हणून तिसरा आक्षेप, की गाईड घाई करतात आणि थोरांचे हाल होतात, हा खरा असला तरी त्याचा दोष निम्मा आपला आहे. निघण्याआधीच स्पष्ट सांगावं: आम्हाला पळापळ नको, एका पाणवठ्यापाशी किंवा लपणगृहात तासभर शांत बसवा, जे येईल ते बघू. मागे न बसवता थोरांना मधल्या बाकावर बसवावं. गाईडचं कुजबुजणं उतारवयातल्या कानांना ऐकू येत नाही. बोटाने दिशा दाखवायला त्याला सांगावं. मधे कुठे उतरायची सोय आहे, कोणत्या चौकीवर संडास आहे, हे आधीच विचारावं. विचारायला लाजू नये. असं सांगितल्यावर बहुतेक गाईडांना हायसंच वाटतं, कारण रानात बसून राहणं त्यांनाही पळण्यापेक्षा जास्त आवडतं. भेकर भुंकलं किंवा वानरांनी खेकसून इशारा दिला की त्याचा अर्थ लावून सांगायला मग त्याला सवड मिळते, आणि थोरांना हे ऐकण्यात जनावर बघण्याइतकीच गोडी असते.

चौथा आक्षेप सगळ्यांत नाजूक आहे. कोयना आणि वारणा या दोन्ही खोऱ्यांतून धरणांसाठी आणि पुढे अभयारण्यांसाठी गावंच्या गावं उठली. सातारा, सांगली, कोल्हापूरच नव्हे तर सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत त्या माणसांची पुनर्वसनं झाली. त्यांच्यापैकी आज सत्तरीत असलेल्या माणसाला ‘चांदोली बघायला गाईड घ्या’ म्हणणं म्हणजे त्याच्याच अंगणात त्याला वाट दाखवणं नाही का? त्याच्या दुःखावर मीठ चोळल्यासारखं ते होईल, हे मी नाकारत नाही. पण याच माणसाच्या बाबतीत सोबत जास्त लागते, कमी नव्हे. त्याच्या आठवणीतली वाट गुरं वळण्याच्या वयातली आहे. ती आता कारवीने आणि घाणेरीने बुजली असेल किंवा पाण्याखाली गेली असेल, आणि गावाच्या ओढीने निघालेला माणूस शरीराचं ऐकत नाही. एक जमेची गोष्ट अशी, की या भागात गाईडचं, वनमजुराचं काम करणारे पुष्कळदा याच खोऱ्यांतल्या वाड्या-वस्त्यांचे असतात. त्यांना गावांची, देवरायांची, जुन्या पाणंदींची नावं ठाऊक असतात. तेव्हा निवडायला वाव असेल तर अशा घरातला गाईड मागून घ्यावा. मग वाट दाखवणारा आणि वाट आठवणारा असे दोघे जण एकमेकांना माहिती पुरवतात, आणि थोराचा मान जात नाही. उलट त्याच्या आठवणी ऐकणारा जाणकार त्याला मिळतो.

खर्चाचा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात येतो आणि सर्वांत लवकर निकालात निघतो. गाईडचं मानधन हा सहलीच्या एकूण खर्चातला लहान भाग असतो. गाडीचं भाडं, डिझेल, मुक्काम, जेवण यांवर हात सैल सोडणारी मंडळी नेमकी इथेच घासाघीस करतात, कारण गाडी दिसते, जेवण दिसतं आणि गाईडने टाळलेला प्रसंग कधीच दिसत नाही. त्यातून कोणाला परवडत नसेल तर त्याने सागरेश्वर निवडावं. ती काही कमी प्रतीची निवड नव्हे. पैसे वाचवून चांदोलीच्या आडवाटेला विनासोबत जाणं मात्र काटकसरीत बसत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: थोरली माणसं म्हणजे लहान मुलं नव्हेत. कुठे जायचं, किती जोखीम घ्यायची, हे त्यांनी ठरवावं. त्यांच्या वतीने परक्याला निर्णय देणारे आपण कोण? उदाहरण कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्याचंच घ्या. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, मेट इंदवलीला उतरायचं, वन विभागाची नोंद करून दाट रानातला चढ चढायचा आणि संध्याकाळच्या आत लाँच गाठायची, कारण आत मुक्कामाला परवानगी नाही. परत फिरण्याच्या कसोटीवर या टापूतली ही सर्वांत अवघड वाट म्हणावी लागेल: मधे एक जण थकला तर सगळ्यांची वेळ चुकते, आणि लाँच चुकली तर परतीचा दुसरा सोयीचा रस्ता नाही. तरी महाशिवरात्रीला वासोट्याजवळच्या नागेश्वराच्या गुहेत दर्शनाला जाणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसं कमी नसतात. तेव्हा एखाद्या अडुसष्ट वर्षांच्या आत्याने मी वासोट्याला येणार असं म्हटलं, तर तिला घरी बसवण्याचा अधिकार कोणाला नाही. गाईडची सोबत तिचा हा अधिकार काढून घेत नाही. तो चढाआधीच सगळ्यांना एकच नियम सांगतो: अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही तर सगळे मागे फिरायचं, तरणेसुद्धा. नियम सगळ्यांना लागू असल्याने कोणीही ‘आत्यामुळे’ परत फिरलं असं होत नाही. घरच्या घरात हाच नियम कोणी केला तर तो आत्यासाठीच केलाय हे तिला तत्काळ कळतं आणि ती जिद्दीला पेटते.

म्हणून बेत आखताना पहिला प्रश्न ‘काय बघायचं’ हा न ठेवता ‘मधेच सोडावं लागलं तर कसं सोडायचं’ हा ठेवावा, आणि तो थोरांसमोरच, आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर, मोकळेपणाने बोलावा. ज्यांनी अनेक वर्षांत डोंगर चढलेला नाही त्यांनी आधी सागरेश्वर करावं, विनागाईड, आपल्या गतीने; तिथे कोणाचा दम किती, कोणाचा गुडघा कितपत, हे सगळ्यांना न बोलता कळतं. ते जमलं तर पुढच्या हिवाळ्यात चांदोली किंवा कोयना, जिप्सीतून, गाईडला बसून दाखवायला सांगून. वासोट्याचा हट्ट कोणी धरलाच तर हट्ट मोडू नये, पण ओळखीचा खात्रीचा माणूस ठरल्याशिवाय लाँचचे पैसे भरू नयेत. ज्यांना लाँचपर्यंतच यायचंय त्यांनी बामणोलीला पाण्याकाठी थांबावं आणि त्यांच्याजवळ घरातलं एक तरुण माणूस थांबावं. तो दिवस त्या माणसाचा वाया गेला असं कोणी समजू नये. आणि गाईडला पैसे देताना जनावर दिसलं नाही म्हणून हात आखडता घेऊ नये. त्याने सगळ्यांना वेळेवर मागे वळवलं असेल, तर ज्या कामासाठी त्याला बरोबर घेतलं ते त्याने चोख केलेलं असतं.